मोठ्या बाईंना मी सांगून टाकलं

लोणावळा, रविवार

प्रिय आईस,
सारिकाचा नमस्कार.

मी बरी आहे. इथे धुकं इतकं की कपडे वाळत नाहीत. तुझा गुडघा कसा आहे? फोनवर बोलताना वहिनी शेजारी असते, म्हणून लिहितेय.

आमच्या वसतिगृहात तिसरीतली एक मुलगी आली. नाव सांगत नाही. तिच्यावर घरातल्याच माणसाने अत्याचार केला होता. मोठ्या बाई म्हणाल्या, "तिला वेगळं ठेवा. बाकीच्या मुली बिघडतील." जेवणसुद्धा एकटीला, खोलीत. ती मला विचारायची, "बाई, मी काय केलं?"

शेवटी स्वयंपाकाच्या सरूबाई म्हणाल्या, "म्या न्हाई तिला येगळं वाढनार." मग मलाही धीर आला. मी मोठ्या बाईंना म्हणाले, "लहानपणी माझ्यावरही हेच गुदरलंय. इतकी वर्षं तुमच्या मुली मीच सांभाळतेय. कोण बिघडलं?"

त्यांनी त्याच दिवशी तिचं वेगळं ताट बंद केलं. मुलगी आता सगळ्यांत झोपते. काल भांडणात तिने एकीची वेणी ओढली.

मला मात्र मुलींकडून काढून कोठीत बसवलंय. "पालकांना तुमचं कळलं तर?" म्हणाल्या. काम हलकं आहे, काळजी करू नकोस. मुली जाता-येता दारातून हाक मारतात.

हे आपल्या गावी, औशापर्यंत पोचेलच. कुणी विचारलं तर या वेळी 'तसं काही झालंच नाही' म्हणू नकोस, आई.

दादाला, वहिनीला आठवण सांग. जपून राहा.

तुझीच,
सारिका