वाफेत कोण पडत नाही?

कुइगलुक, अलास्का
२९ नोव्हेंबर १९९४

प्रिय अगाफियाताई,

तुमचं पत्र आणि चहाचे डबे पोचले. आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. नदी गोठली. पोरी शाळेत जातात. सुकवलेले मासे यंदा चांगले झालेत. तुमचा वाटा बाजूला ठेवलाय, कुत्र्यांच्या तावडीतून वाचला तर पाठवीन.

वासिलीचं विमान शिकणं कुठवर आलं, विचारलंत. डॉक्टरनं बंद केलं. एवढंच लिहून पत्र संपवणार होते.

पण तुम्ही त्याच्या थोरल्या बहीण. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा धुक्यामुळे तीन दिवस विमान आलं नाही, आणि त्यांना घसरगाडीवर घालून तुम्ही दोघं धावपट्टीवर बसून राहिलात. त्यानं विमान का मनावर घेतलं, हे मी तुम्हाला काय सांगायचं!

दोन वर्षं त्याच्याबरोबर मीही शिकले म्हणा. हार्लन म्हातारा त्याच्या लाल विमानातून शिकवायचा आणि घरी अभ्यास मी घ्यायची. वासिली तोंडापुढे पळी धरून बेथेल विमानतळाच्या मनोऱ्याशी बोलायचा. मनोरा मी. "उतरायची परवानगी नाही, आधी पाणी भरून आण," असं मी म्हटलं की पोरी हसून लोळायच्या.

जूनमध्ये तो पहिल्यांदा एकटा उडाला. त्या दिवशी गुरूनं शिष्याच्या शर्टाची मागची बाजू कापायची, अशी वैमानिकांची रीत आहे. म्हाताऱ्यानं माझीच कात्री मागून मीच शिवलेला निळा शर्ट कापला. त्याचा जिवलग याको ओरडला, "वहिनी, धपाटा घालायला जागा झाली बघा!" तो तुकडा चुलीमागच्या खिळ्यावर टांगला. इतकी खूश मी लग्नातही नव्हते.

मधलं एक गाळलं. गेल्या फेब्रुवारीत वासिली वाफेच्या न्हाणीत बेशुद्ध पडला होता. याकोनं त्याला ओढून बाहेर बर्फात आणलं. आपल्याकडे त्याचं कुणाला काय? तापल्या दगडांवर पाणी मारून कोण जास्त टिकतो याची चढाओढ चालते, दर हिवाळ्यात एखादा आडवा होतो आणि त्याची वर्षभर टिंगल होते. पुढे विमानाच्या परवान्यासाठी डॉक्टरच्या कागदावर प्रश्न आला, कधी शुद्ध हरपली होती का? वासिलीनं पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"वाफेत कोण पडत नाही?" मी म्हटलं. "लिही, नाही म्हणून."

तो खरं लिहिणार होता, ताई. मी लिहू दिलं नाही.

या महिन्याच्या सुरुवातीला बर्फाला भोक पाडून पाणी काढताना तो पुन्हा पडला. तिथे ना तापले दगड, ना वाफ. डोळे सताड उघडे, पण मी हाका मारतेय हे त्याच्या गावीही नव्हतं. मिनिटभरानं उठला आणि म्हणाला, "पाय घसरला." चार दिवसांनी त्याला एकट्यानं विमान घेऊन बेथेलला जायचं होतं.

मी शाळेतून डॉक्टरला फोन केला. माझं नाव सांगू नका म्हटलं. आणि सांगितलं ते फक्त वाफेतलं. नदीवरचं सांगितलं असतं तर चुगली कुणाची हे त्याला लगेच कळलं असतं; तिथे आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं. वाफेतलं मात्र याकोनंही पाहिलं होतं.

होय, हा हिशेब मी फोन उचलायच्या आधीच केला होता.

परवा याको मूस हरणाच्या मांसाचा वाटा घेऊन आला. वासिलीनं दारातूनच परत केला. आपल्यात शिकारीचा वाटा परत करणं म्हणजे काय, तुम्हाला ठाऊक आहे. लहानपणापासूनची दोस्ती! याको माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, मी काय केलं हो?"

"चहा तरी घेऊन जा," मी म्हटलं. तो तसाच गेला.

आता डॉक्टरचं नवं पत्र आलंय. नुसती वाफच बाधली असेल तर वसंतात पुन्हा तपासू आणि परवानगी देऊ. वासिली तेव्हापासून शीळ घालत हिंडतोय. मला जेवण जात नाही. बोलले तर तो माझा राहणार नाही, आणि नाही बोलले तर राहणारच नाही.

हल्ली विमानात टपाल चढवायचं काम तोच करतो. हे पत्र त्याच्याच हातात देणार आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. दुसऱ्याचं पत्र तो वाचत नाही, म्हणून शर्टाचा तो निळा तुकडा आत घालून टोक बाहेर ठेवलंय. पाहिल्याशिवाय राहणार नाही, असं वाटतं.

पत्र तुम्हाला मिळालं, तर त्यानं वाचलं नाही असं समजा. मग वसंताआधी तुम्हीच त्याला सांगा. याकोलाही सांगा. माझ्या तोंडून निघत नाही.

अजून तरी तुमच्या भावाची बायको,
ओलिंका