तिसरा गिअर

३ फेब्रुवारी, मंगळवार

फुटल्या! भाड्याच्या टेम्पोत आज पुन्हा दोन काचा गेल्या. टेम्पोवाला म्हणतो, "रस्ताच तसा आहे बाई, मी काय करू?" रस्ता तसा – आणि काचा आडव्या कोणी घातल्या? दहादा बजावलं होतं, काच उभी न्यायची, लाकडी घोडीला टेकवून, पट्ट्याने आवळून. आडवी काच आपल्याच वजनाने तडकते. त्याने मान डोलावली आणि करायचं तेच केलं. बाईला काय कळतंय!

त्यात शाळेच्या मुख्याध्यापिका दुकानात आल्या. मागच्या वादळात शाळेच्या सव्वीस खिडक्या गेल्या. पुठ्ठे ठोकलेत, मुलं भर दिवसा दिवे लावून बसतात. "महिनाअखेर होईल ना? नसेल जमणार तर आत्ताच सांगा, मी राग मानणार नाही."

हो म्हणून बसले. कशाच्या जोरावर, कोण जाणे.

४ फेब्रुवारी

आपला ट्रक असता तर! पण तो ह्यांच्याही आधी गेला. सांगाडा पार गंजला होता. भंगारवाल्याने तुकडे करून नेला तेव्हा हे दारात हाताची घडी घालून उभे होते. "घेऊ दुसरा," म्हणाले. पुढे चार महिन्यांनी हेच गेले. त्यालाही आता दोन वर्षं होतील.

६ फेब्रुवारी

दीर आले होते. आल्या आल्या खुर्ची ओढून बसले, म्हणजे ठरवूनच आले होते.

"वहिनी, किती दिवस ओढणार हे? दुकान आवरा आणि आमच्याकडे या. खोली तयार आहे."

मनापासून म्हणतात, खोटं कशाला बोलू? खोलीही छान आहे, पूर्वेला खिडकी. त्या खिडकीची काच मीच कापली होती.

पण तिथे जाऊन मी करू काय? ह्या दुकानात मी वाचायला शिकले. लग्न झालं तेव्हा मला पाट्यांपुरतीच अक्षरं यायची. दोन काचा एकमेकींना घासू नयेत म्हणून मध्ये रद्दी घालतात. हे काच कापायचे आणि मी ती रद्दी उलगडून मोठ्याने वाचायचे, अडखळत. चुकलं तरी हे टोकत नसत. कागद अर्धे, कोपरे फाटलेले. कित्येक गोष्टींचा शेवट मला अजून माहीत नाही! पुढे पुस्तकं आणायला लागले. कपाटभर झाली. पण रद्दी दिसली की हात अजून थांबतो.

दिरांना म्हटलं, "भाऊजी, महिनाभर थांबा. शाळेच्या खिडक्या बसल्या तर दुकान राहील. नाही बसल्या तर तुम्ही म्हणाल तसं."

"नक्की?"

"नक्की."

बोलून बसले खरी. दुपारी सगळी कपाटं पुसून काढली.

९ फेब्रुवारी, सोमवार

एक ट्रक विकायला आहे. रोपवाटिका चालवणारे एक काका आहेत, गावाबाहेर, कालव्यापाशी. आयुष्यभर त्यात रोपं वाहिली. हिरवा रंग, हौद्याच्या कोपऱ्यांत अजून माती. बाकी गाडी जपलेली.

मी चालवून पाहिली. काका शेजारी. पहिला, दुसरा लोण्यासारखे. तिसरा टाकला, उतार लागला, पाय सैल केला – खाड्! गिअरचा दांडा आपोआप मागे. अंधारात एक पायरी कमी निघावी तसं झालं.

काका शांत. "तिसरा जरा हट्टी आहे. हात धरून ठेवला की राहतो."

"आणि नाही ठेवला तर?"

"मग रुसतो."

माणूस सरळ वाटला. लपवायला गेले असते तर तिसऱ्यात नेलंच नसतं मला. पण असला एक झटका आणि मागे सव्वीस काचा – विचारच नको.

९ तारीख, पुन्हा

एक लिहायचं राहिलं. हात दांड्यावर ठेवला आणि ह्यांची इतकी आठवण आली की परत येताना गाडी बाजूला घ्यावी लागली. काकांना म्हटलं, डोळ्यांत काहीतरी गेलं. ते खिडकीबाहेर बघत बसले.

ह्यांनी मला गाडी शिकवली ती माझ्या हातावर हात ठेवून. मग मला येऊ लागली, तरी सवय राहिली – हे चालवायचे तेव्हा माझा हात त्यांच्या हातावर. दोघांचे हात, खाली दांडा. लोकांनी पाहिलं तर काय म्हणतील, म्हणून मी सांगायचे, काचा डुगडुगतात का ते मला इथून कळतं! हे हसायचे.

११ फेब्रुवारी

दिरांना सांगितलं. "वहिनी, हे विकतचं दुखणं आहे! गिअरबॉक्स गेलेला ट्रक कोणी घेतं का?"

"गेलेला नाही. हट्टी आहे."

"हे कोण म्हणालं?"

"विकणारा."

कपाळाला हात लावला त्यांनी. मलाही हसू आलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मिस्त्रींना घेऊन गेले. आमची जुनी गाडी तेच दुरुस्त करायचे. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकतात, डॉक्टरसारखे. ऐकलं, चालवून पाहिली, मला बाजूला घेतलं.

"हा ट्रक कोणीतरी वर्षानुवर्षं दांड्यावर हात ठेवून चालवलाय. आपल्याला वाटतं हात ठेवला, त्यात काय. पण आत फोर्क असतो, तो दांड्याबरोबर सरकतो. वरून हात दाबला की तो सतत घासत राहतो. झिजला की गिअर धरत नाही. नुसता फोर्क असेल तर घ्या, नवा टाकतो. गिअरचे दात गेले असतील तर नाव काढू नका. उघडल्याशिवाय सांगता येणार नाही."

मग दाढी खाजवत हसले. "तुमच्या जुन्या गाडीचं हेच तर होतं! दोनदा बदलला फोर्क. साहेबांना बोलून बोलून थकलो – अहो, त्या दांड्यावरचा हात काढा! नुसते हसायचे. म्हणायचे, तू फोर्क बदल."

मी पदराने तोंड पुसल्यासारखं केलं.

हे मला कधीच बोलले नाहीत. दोनदा गाडी उघडली, दोनदा खर्च झाला. आणि मी म्हणत होते, काचा डुगडुगतात का बघते!

१४ फेब्रुवारी

काही लिहवत नाही. दिवसभर कालचंच डोक्यात.

१६ फेब्रुवारी

गिअरबॉक्स उघडायची परवानगी मागायला काकांकडे गेले. विकण्याआधी कोण उघडू देतं? पण विचारायला काय जातं.

अंगणात ट्रक, आणि त्यात डावीकडच्या सीटवर काकू. ताठ बसलेल्या, केस नीट विंचरलेले, उजवा हात दांड्यावर. मला म्हणाल्या, "आलात? निघायचं ना? रोपं तापतील."

हौदा रिकामा होता.

काकांनी मला पायरीवर बसवलं. चार वर्षं झाली, म्हणाले, हळूहळू सगळं विसरत चालली. घरात असली की मला विचारते, तुम्ही कोण. गाडीत बसली की नावाने हाक मारते. रोज सकाळी दोन तास बसते. "आयुष्यभर माझ्या शेजारी बसली ना. तिसरा सुटतो म्हणून वरून हात धरून ठेवायची." मग स्वतःशीच म्हणाले, "सुटतो म्हणून धरायची की धरायची म्हणून सुटायला लागला, देव जाणे."

मला ठाऊक होतं.

"मग विकता कशाला, काका?"

"मला आता कडेचं दिसत नाही. चालवणं बंद. उभी गाडी हिला किती दिवस फसवेल? परवा म्हणाली, अजून हललो का नाही आपण? सकाळभर रडली."

गिअरबॉक्स खुशाल उघडा म्हणाले.

येताना मनात एकच. माझं दुकान राहावं म्हणून ह्या बाईची बसायची जागा उचलून न्यायची?

१८ फेब्रुवारी

उघडला. दात शाबूत! नुसता फोर्क. एका बाजूने जुन्या पायरीसारखा खोलगट झिजलेला. मिस्त्री तो फेकायला निघाले, मी मागून घेतला.

"काय करणार ह्याचं?"

"कागदांवर ठेवीन, उडू नयेत म्हणून."

१९ फेब्रुवारी

दीर म्हणतात घेऊ नका. मिस्त्री म्हणतात घ्या. काका म्हणतात, दुसऱ्या कोणाला द्यायची इच्छा नाही. काकूंना कोणी विचारत नाही.

आज मी विचारलं. गाडीशी उभी राहून म्हटलं, "काकू, हा ट्रक मला द्याल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चालवणार आहात ना? मग न्या. बसून बसून पाठ दुखते."

२० फेब्रुवारी

घेतला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सव्वीस काचा, चार खेपा, एकही तडा नाही! दीर स्वतः पट्टे आवळायला आले होते. शेवटच्या खेपेला माझ्याच शेजारी बसले, जीव मुठीत धरून. तिसरा टाकला, उतार आला, गाडी सरळ उतरली. "बरा आहे की," म्हणाले. त्यांच्यासाठी एवढं म्हणजे फार झालं. खोलीचा विषय काढला नाही. उतरताना फक्त, "पुढच्या वेळी पट्टे मीच बांधणार, वहिनी. तुमची गाठ कच्ची असते." कच्ची म्हणे! त्यांच्या दादाने शिकवलेली गाठ आहे.

मुख्याध्यापिकांनी एक पुठ्ठा काढून दाखवला. वर्गात ऊन आलं तसा मुलांनी गलका केला.

मिस्त्रींनी दम भरलाय, दांड्यावर हात ठेवायचा नाही. दिवसभर हात मांडीवर ठेवला. त्याला तिथे करमत नाही.

३ मार्च, मंगळवार

कालव्याकडे काच पोचवायची होती. काकांच्या दारात हॉर्न दिला. काकू बाहेर आल्या, जशा काही वाटच पाहत होत्या. काकांनी हाताला धरून चढवलं. मैलभर गेलो. मी तिसरा टाकला आणि हात काढणार, तेवढ्यात त्यांचा हात माझ्या हातावर आला. थंड, घट्ट.

"धरून ठेवते," म्हणाल्या, "नाहीतर सुटतो."

आता सुटत नाही. मी सांगितलं नाही.