बर्फाबाहेर राहिलेल्या नळ्या

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, पेशीविज्ञानाची निवृत्त प्राध्यापक, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. उद्या सकाळी माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डोकं ठिकाणावर आहे. वहिनींना शंका येईल म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. यापूर्वी असं काही लिहिलं असेल तर ते रद्द समजावं.

१. राहतं घर धाकट्या बहिणीला. तिने ते भावाच्या नावावर करू नये. तो गोड बोलेल, तरीही करू नये.

२. बँकेत जे आहे ते पुतणीच्या शिक्षणाला. वहिनींना माझं लोखंडी कपाट. ‘हिने पेशींशीच संसार थाटला’ असं त्या चारचौघांत सांगत आल्या. त्या संसाराची भांडी, म्हणजे काचेच्या बश्या, कपाटातच आहेत. घासून घ्याव्यात.

३. माझ्या सव्वीस वह्या ‘चिमटा’ला. ही माझी विद्यार्थिनी. एकदा प्रश्न पकडला की सोडायची नाही, म्हणून प्रयोगशाळेत तिला हे नाव पडलं. वह्या तिलाच का, ते लिहिणं भाग आहे.

पेशीच्या अंगावर एक ग्राहक प्रथिन असतं. ‘वाढ’ हा निरोप ते बाहेरून घेतं आणि आत पोचवतं. निरोप कधीतरी थांबायलाही हवा. त्यासाठी पेशी ठरावीक प्रथिनाला एक चिठ्ठी चिकटवते आणि चिठ्ठी लागलेलं प्रथिन मोडीत काढते. चिठ्ठी चिकटवणारं एक प्रथिन मी शोधलं. ते ग्राहकालाच मोडीत काढून वाढ थांबवतं, असं मी एका प्रयोगावरून छापलं. त्याला जोर देणारं औषध आता तयार आहे. कर्करुग्णांना पहिला डोस नऊ दिवसांनी द्यायचा आहे.

चिमटाने तेव्हाच तो प्रयोग पुन्हा केला होता, सगळ्या नळ्या बर्फावर ठेवून. ग्राहक जागच्या जागी होता. नाहीसं झालं होतं ते वाढीला लगाम घालणारं दुसरंच प्रथिन. ती माझ्या खोलीत येऊन म्हणाली, “मॅडम, हे ॲक्सिलरेटर मोडत नाहीये, ब्रेक मोडतंय.”

“या खोलीत निकाल मी ठरवते,” मी म्हणाले. आठवड्याभरात तिला दुसरी प्रयोगशाळा शोधावी लागली.

खरं असं की तुलनेसाठी घेतलेल्या साध्या पेशी मी आधी फोडायची आणि त्यांच्या नळ्या बर्फात रोवायची. चिठ्ठी चिकटवणारं प्रथिन भरलेल्या पेशींची पाळी येईपर्यंत बर्फ संपायचा. बर्फाचं यंत्र दोन मजले खाली, आणि मला घाई. त्या नळ्या टेबलावरच राहायच्या, आणि उबेत प्रथिनं नासतात. ग्राहक पेशीत मोडलाच नव्हता, तो माझ्या नळीत नासला होता. प्रयोग तीनदा केला, तिन्हीदा त्याच क्रमाने, म्हणून उत्तरही तिन्हीदा तेच आलं. चिमटाची वही वाचली त्या दिवशीच हे मला कळलं होतं. मी गप्प बसले. मला त्याची लाज वाटते.

माझ्या पश्चात तिने हा कबुलीजबाब औषधाच्या चाचणी समितीला द्यावा.

मसुदा तपासायला बोलावलेल्या वकीलबाईंनी इथवर वाचून चष्मा काढला. मृत्युपत्र मृत्यूनंतरच लागू होतं, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “उद्या तुम्ही बऱ्या झालात तर हे पाकीट बंदच राहणार. मग त्या रुग्णांचं काय?”

मला नेमकं तेच सोयीचं होतं. मेल्यावर खरं बोलायला धाडस लागत नाही.

म्हणून कलम तीन रद्द. मजकूर खोडलेला नाही, घरच्यांनीही वाचावा. तोच मजकूर माझ्या सहीने आज दुपारी समितीला आणि चिमटाला पाठवला. वह्याही तिच्याकडे गेल्या. तासाभरात तिचा फोन आला. माफी मागायला मी तोंड उघडलं, पण तिने ती ऐकून घेतली नाही. “समिती प्रश्न विचारणार, मॅडम,” ती म्हणाली. “उत्तरं तुम्हीच द्यायची आहेत. शुद्धीवर या.”

तेव्हा मृत्युपत्र केलं आहे खरं, पण ते इतक्यात लागू होऊ नये, ही माझी शेवटची आणि स्पष्ट इच्छा आहे.

सही: स्वहस्ते, दोन्ही साक्षीदारांसमोर
साक्षीदार: १. वॉर्डच्या मुख्य परिचारिका २. भूलतज्ज्ञ
ठिकाण: रुग्णालय, तिसरा मजला, खिडकीकडची खाट
दिनांक: अकरा मार्च, मंगळवार, सायंकाळी पाच