शिक्का रद्द करायलाही शिक्का लागतो

तीर्थरूप मामांना शिक्केवाल्या भाच्याचा दोन्ही हात जोडून (शाई धुऊन) नमस्कार.

तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा पारा? निवृत्त झाल्यापासून तुम्ही घरातल्यांनाही रांगेत उभं करता असं आई सांगत होती, म्हणजे प्रकृती ठणठणीत असणार. इकडे आम्ही बरे आहोत, दुकानाचं मात्र काही खरं नाही.

झालं असं, की या अधिवेशनात आमदारांपुढे मागण्या ठेवायच्या, असं आमच्या व्यापारी संघाने ठरवलं. संघाची रीत अशी, की बैठकीला जो सगळ्यात उशिरा येईल तो चिटणीस. मी पोचलो तेव्हा सगळे माझ्याकडे बघून फार प्रेमाने हसत होते, तिथेच मी ओळखायला हवं होतं. पहिली मागणी कोणाची, यावरून आरसेवाला आणि गादीवाला हमरीतुमरीवर आले. शेवटी अध्यक्षांनी (छत्र्यांचं दुकान, स्वतः कायम भिजलेले) तोडगा काढला, की सगळ्याच मागण्या पहिल्या क्रमांकाच्या. आरसेवाल्याला खड्डे बुजवून हवे होते, गादीवाल्याला दुपारची झोप कायद्यात बसवून हवी होती. एकमत झालं ते एकाच गोष्टीवर: कागदांवरची शिक्क्याची सक्ती उठवणारं विधेयक याच अधिवेशनात मंजूर व्हावं. टाळ्याच टाळ्या! अहो मामा, वडिलांच्या पश्चात शिक्के करून घर चालवणारा मी तिथे ढळढळीत समोर बसलोय, आणि ही मंडळी मलाच म्हणतात, तुमचं अक्षर चांगलं, निवेदन तुम्हीच लिहा. म्हणजे माझ्या पोटावर पाय द्यायचा, तोही माझाच! अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण लिहिलं. (अक्षर खरंच सुरेख आलं.)

निवेदन घेऊन आम्ही विधिमंडळात गेलो. आवक-जावकच्या खिडकीतल्या बाईंनी कागद उलटसुलट केला आणि परत सरकवला. संघाचा शिक्का नाही, घेता येणार नाही. शिक्का तत्त्व म्हणून मारलेला नाही, असं अध्यक्षांनी छाती फुगवून सांगितलं. तत्त्वासाठी बाईंनी शेजारची खिडकी दाखवली, ती बंद होती. मग सगळे माझ्या खिशाकडे बघायला लागले, कारण संघाचा शिक्का चिटणिसाच्या खिशात असतो. आणला नाही म्हणालो असतो, तर विधेयक रखडलं असतं आणि दुकान वाचलं असतं. तोंड उघडणार एवढ्यात बाई म्हणाल्या, आणलात तरी उपयोग काय, हल्लीचे शिक्के मेले उमटतात कुठे! मामा, हे मी ऐकून घेईन? असा हाणला की खिडकीची काच थरथरली. एकेक अक्षर बघून बाईंनी निवेदन आत ओढलं आणि पोच दिली. त्याच अधिवेशनात विधेयक मंजूर झालं.

तुमचा भाचा

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. नव्या कायद्याप्रमाणे जुन्या प्रत्येक अर्जावर ‘येथे शिक्क्याची गरज नाही’ असा शिक्का मारायचा आहे. तो राज्यातल्या सगळ्या कचेऱ्यांना लागणार, आणि ते काम मिळालं तर दुकान तरतंय. त्यासाठी एखाद्या अधिकाऱ्याची शिफारस हवी, सहीशिक्क्यासकट. निवृत्त होताना तुम्ही तुमचा शिक्का परत केला नाहीत, असं मामी म्हणाल्या. तेवढा कोऱ्या कागदावर मारून पाठवा.

ता. क. २. राहू द्या, गुडघ्याला कशाला त्रास. तो शिक्का मीच केला होता, तसाच दुसरा केला. सहीही बऱ्यापैकी जमली आहे. कोणी चौकशीला आलं तर मुलगा गुणी आहे, एवढंच सांगा. मामा आहात हे मात्र सांगू नका, वशिला वाटेल.