कोपराइतकं उंच चाक

मी, काशी भिकाजी मेस्त्री, वय सत्तेचाळीस, अविवाहित, धंदा कोयत्या-सुऱ्यांना धार लावण्याचा, राहणार रत्नागिरी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, माझ्यामागे काय व्हावं ते इथे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. ठिकाणावर नाही ती मान. येत्या सोमवारी तिच्या मणक्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी विचारलं, "इतकी वर्षं मान खाली घालून काय करत होतात?" मी म्हटलं, घराण्याचं नाव राखत होते.

कलम १. दुकानाची जागा वडिलांनी हयातीतच माझे थोरले भाऊ रावजी यांच्या नावे केली. तिच्याबद्दल लिहिण्याचा मला अधिकार नाही. मी तिथे सव्वीस वर्षं काम केलं एवढं मात्र लिहिते, कारण ते दुसऱ्या कुठल्याच कागदावर नाही.

कलम २. पोस्टातली शिल्लक आणि माझ्या दोन पाटल्या भावाची मुलगी सानवी हिला द्याव्यात. ती तेवीस वर्षांची आहे आणि दोन वर्षं माझ्याबरोबर धार लावते. साड्या वहिनीने वापराव्यात. निळी नको, ती मला नेसवावी.

कलम ३. चाक, मोटर, लोखंडी स्टँड, उंच स्टूल आणि दिवा हे सर्व माझ्या कमाईचं आहे. तेही सानवीचं. वापरण्याबद्दल सूचना: स्टुलावर ताठ बसल्यावर पातं कोपराच्या किंचित वर यावं. कोपरं बरगड्यांना टेकलेली असावीत, पावलं पूर्ण जमिनीवर. पात्याची धार वरच्या अंगाला धरावी, म्हणजे ठिणग्या खाली जातात आणि धार डोळ्यांसमोर राहते. उजेड डाव्या खांद्यावरून घ्यावा. समोरून आला तर आपण नुसती चमक बघत बसतो. चष्मा काढू नये, गिऱ्हाईक ओळखीचं असलं तरी.

आणि मुख्य म्हणजे, हे माझं माप आहे. सानवी माझ्याहून चार बोटं उंच आहे. आत्याची आठवण म्हणून तिने स्टँडचे पाय तसेच ठेवू नयेत, वाढवून घ्यावेत. मेलेल्या माणसाच्या मापाने बसू नये.

कलम ४. वरचं वाक्य का लिहिलं ते सांगते. आमच्या दुकानातलं चाक जमिनीपासून हातभर उंचीवर होतं. माझे आजोबा रघू मेस्त्री यांनी ते तिथे बसवलं. त्यापुढे पाटावर बसायचं, गुडघे छातीशी, हनुवटी गळ्यात. दसऱ्याला चाकाला गोंड्याच्या फुलांची माळ पडायची, आणि पुजलेलं चाक जागचं हलवायचं नाही असा नियम होता. एकविसाव्या वर्षी मी वडिलांना म्हटलं, चाक वर घेऊ या आणि उत्तरेच्या भिंतीला खिडकी पाडू या, मला धार दिसत नाही. वडील म्हणाले, "चाकापुढं मान लववायची, हाच आपला धर्म. आणि खिडकी कशाला? रस्त्यावरनं येणारा-जाणारा तुला बघंल." दादा म्हणाला, "काशे, उंचावर बसून बर्फाचे गोळे विकणार हायस काय?" दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मीही हसले. ते माझं हसणं मला अजून सलतं.

चार वर्षांपूर्वी वडील गेले. पाठ सरळच होईना, म्हणून तिरडीवर त्यांना कुशीवर ठेवावं लागलं. तेराव्याला मी त्यांच्या थोरल्या बहिणीजवळ, सखूआत्याजवळ, हे बोलले. ती म्हणाली, "अगो, माजा बापूस आंब्यावरनं पडला व्हता. कंबर मोडली. त्याला उभा ऱ्हायाला यायचा नाय, खुर्चीत बसाया यायचा नाय, म्हणून तो खाली बसायचा. त्याचा तुमी धर्म केलात काय?"

एका माणसाचं दुखणं होतं. आम्ही ते तीन पिढ्या अंगावर घातलं आणि त्याला माळ घातली.

पुढच्या वर्षी दादा आठ दिवस मुंबईला गेला असताना मी गवंडी बोलावला. खिडकी पाडली, माझ्या पैशाने आणलेलं नवं चाक उंच स्टँडवर बसवलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी धार पहिल्यांदा नीट पाहिली. तोवर ती अंगठ्यालाच माहीत होती. मानेला मात्र फार उशीर झाला होता.

कलम ५. दादाने घरात सगळ्यांसमोर म्हटलं आहे की माझ्यामागे तो खिडकी बुजवणार आणि चाक जुन्या जागी बसवणार. तसं झाल्यास सानवीने एक दिवसही न थांबता चाक उचलून मिरकरवाड्यात जमालभाईंच्या पडवीत जावं. ते मासळीचा व्यापार करतात आणि त्यांची पडवी उत्तरेला तोंड करून आहे. जमालभाई म्हणाले, "काशीबाय, भाडं नको. माझ्या सुऱ्या आधी करायच्या, बस." भाडं घ्यायलाच हवं, असं मी त्यांना बजावलं आहे. फुकटच्या जागेत माणूस पुन्हा वाकतो.

कलम ६. दादाबद्दल. ज्याला काही मिळायचं आहे त्याला साक्षीदार करू नये, असं वकिलांनी सांगितलं. म्हणून मी दादाला साक्षीदार केलं आहे.

आज सकाळी त्याने हे सगळं वाचलं. मला म्हणाला, "आजोबा लंगडे होते, हे कागदावर कशाला?"

"पाठीवर चाललं, मग कागदावर का नको?"

"लोक वाचतील, काशे."

"मी मेल्यावर वाचतील. तू घाई करू नकोस."

त्याने कलम चार पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "खिडकी नाय बुजवणार मी." सानवी दारात उभी होती, तिनेही ते ऐकलं. तिने माझ्याकडे पाहिलं. या घरात तोंडच्या शब्दावर मी सव्वीस वर्षं काढली आहेत. कलम पाच खोडलेलं नाही.

ठिकाण: रत्नागिरी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार: काशी भिकाजी मेस्त्री (सही)

आमच्यासमोर सही झाली:

१. जमाल इब्राहिम मुकादम, मिरकरवाडा (सही)

२. रावजी भिकाजी मेस्त्री. वाचलं. कलम चार मला मान्य नाही. सही माझीच आहे. (सही)