पत्ता बराबर होता

॥ श्री सेवालाल महाराज प्रसन्न ॥

तांडा, पुसेगाव
१४ मार्च २००४

चि. शिला हिस अनेक आशीर्वाद.

नावाआधी सौ. लिहायला हात गेला होता, आवरला. इकडे बरं आहे. हळद शिजवून वाळत घातली. ह्यांचा खोकला उतरला. तू दोन्ही वेळा जेवतेस ना? आंतरदेशीयात जागा थोडी, म्हणून बारीक लिहिते.

पुसेगावचा फोन बंद होता म्हणून स्वतःच्या ऑपरेशनच्या आधी जगनने आम्हाला बोलवायला कार्ड टाकलं. त्यावरचा पत्ता तू घातला होतास, तोच चुकला असेल, म्हणून आई पोचल्या नाहीत, असं तू लिहिलंस. ते वाचल्यापासून माझी पोथी पुढे सरकत नाही.

दिवाळीत जगन ओसरीवर बसून त्याचं काम सांगत होता. कॉम्प्युटरात बाहेरून मजकूर येतो, नावं-आकडे कंसांत बांधलेले. जुनं इंजिन तो मजकूर हुकूम समजून तसाच चालवायचं. कोणी मधे वाईट हुकूम दडवला तर तोही. ह्याचं इंजिन आधी नुसतं वाचायचं. अक्षरामागून अक्षर, उघडलेला कंस मिटला का बघत. नाव, आकडा, यादी सोडून काही दिसलं की सगळंच परत. मी विचारलं, मग उशीर न्हाई होत? तर म्हणे, एकदाच सरळ वाचत जायचं, मागं फिरायचं न्हाई, म्हणून वेग राहतो.

मी म्हटलं, "ह्यात काय नवल? तांड्याची पत्रं मी अशीच वाचते. वाचून कोणाच्या दारी भांडायला जाते का?"

"म्हणून तर आई, पुण्यात तुझ्यासारखं इंजिन बनवून राहिलो," जगन म्हणाला. किती हसलो आम्ही.

शिला, कार्ड पोचलं होतं.

पोस्टमनने हातात दिलं तेव्हा त्याचा एक कोपरा फाटलेला होता. थैलीत फाटला असेल. आपल्याकडे कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कोणी गेल्याचं. ते घरात नेत नाहीत, बाहेरच वाचून फाडतात न् अंघोळ करतात. माझी आई दोन महिने अंथरुणावर. कोपरा पाहिला न् वाटलं, तीच गेली. एक अक्षर वाचलं नाही. दारातच फाडलं, नाल्यात सोडलं, डोक्यावरून पाणी घेतलं न् एसटीने सिद्धेश्वरला माहेरी गेले. आई उठून बसली होती, भाकर खात.

"काहून आलीस गं, रडत?" म्हणाली.

तिसऱ्या दिवशी परतले तर जगन गेल्याचा निरोप येऊन पडला होता. दिवसकार्याला तू कार्डाचं विचारलंस, तेव्हा कळलं ते कोणाचं होतं. तांड्यात मॅट्रिक झालेली मी एकटी. न वाचता फाडलं, हे तोंडातून निघेना. न्हाई आलं, म्हणाले. देवापुढे रोज दिवा लावते, त्याच तोंडाने.

तुझी काही चूक नाही, बाळा. पत्ता बराबर होता.

त्यात जगनने काय लिहिलं होतं, ठाऊक असेल तर कळव. लिहावंसं वाटलं नाही तर कोरं कार्ड टाक. तेही मी दोन्ही बाजूंनी, शेवटपर्यंत वाचीन.

तू म्हणू देशील तर तुझी,
आई निर्मला