डॉक्टरसाहेबांचं तेल

३ मार्च १९८७, भडगाव

पोहोचलो एकदाचा! मी मूळचा संगमनेरचा, पण बायकोचं, मंदाचं, माहेर धरणगाव, म्हणून साहेबांच्या मागे भुणभुण लावून इकडची बदली पदरात पाडून घेतली. तिला दिवस गेलेत, पहिलं बाळंतपण होईपर्यंत ती माहेरीच राहील. खोली गिरणा नदीच्या बाजूला मिळाली. घरमालकीण कुंदाबाई आल्या आल्या कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन हजर!

काम नेहमीचंच. सायकलवरून गावोगाव फिरायचं, लोकांच्या अंगावर चट्टे शोधायचे, चट्ट्यावर कापसाची वात फिरवायची. स्पर्श कळला नाही तर कुष्ठाचा संशय. इथे पहिल्या दिवसापासून सगळे मला डॉक्टरसाहेब म्हणतात. मी कुठला डॉक्टर, पण कोण कशाला नाही म्हणेल? मंदाला कळलं तर हसून लोळेल.

१४ मार्च

सायकलपायी गुडघा धरला. आठवडे बाजारात धनसिंग नावाचा तेलवाला भेटला. पुढ्यात मीठ लावून सुकवलेला माणसाएवढा मासा, लांब चोच, चेहरा हसरा. चित्र पाहिलेलं होतं म्हणून ओळखला. डॉल्फिन! भडगावात डॉल्फिन! सुरतेकडच्या किनाऱ्यावर मेलेले सापडतात म्हणे. त्यांची चरबी तो चुलीवर कढवत नाही, उन्हात ठेवून पाझरवतो. कढवली की गुण जातो, असं त्याचं म्हणणं. माशाच्या कपाळावर आणि पाठीवर पांढरट गाठी होत्या, एकीला एक चिकटलेल्या. त्या कसल्या, विचारलं. तिथली चरबी सगळ्यात भारी, म्हणाला, बठ्ठं दुखणं चालनं जास, म्हणजे सगळं दुखणं पळतं.

एवढ्या उन्हात गड्याने कानांवरून मफलर गुंडाळला होता. मला हसू आलं. बाटली घेतली.

२ एप्रिल

काय सांगू, गुडघा लोण्यासारखा झालाय. वास मात्र असा की कुंदाबाई नाकाला पदर लावतात. रोज सकाळी चोळतो, त्याच हाताने पेन्सिल कानावर खोचतो आणि सायकल काढतो.

सासूबाईंचेही गुडघे धरलेले असतात. एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती एक बाटली धरणगावला धाडली. सोबत निरोप दिला, डॉक्टरसाहेबांकडून म्हणून. मंदाने कपाळावर हात मारला असेल.

११ जुलै

गुडघ्यावर हरभऱ्याएवढी गाठ. ज्याचे चट्टे लोकांच्या अंगावर शोधत हिंडतो, तेच आपल्याला? कडी लावून कापसाची वात फिरवली. कळलं! डोळे मिटून पुन्हा फिरवली. स्वच्छ कळलं! मग कुष्ठ कसलं? सुटलो. कुंदाबाईंना पेढे दिले. कशाचे, विचारल्यावर म्हणालो, असेच.

२३ ऑगस्ट

मुलगी! बारशाला धरणगावला जाऊन आलो. नाव कुमुद. एवढीशी मूठ, पण माझं बोट असं धरलं की सोडेना. मंदा म्हणाली, बापासारखीच हट्टी.

माझ्या सासूबाई, द्रौपदाबाई, साऱ्या गल्लीला सांगत होत्या, आमना जवाई डॉक्टर शे. तुमच्या तेलाला फार गुण आहे, संपत आलंय, आणखी धाडा, म्हणाल्या. मला मूठभर मांस चढलं. आल्या आल्या दोन बाटल्या पाठवल्या.

९ सप्टेंबर

गुडघ्यावर आता गाठींचा घोस. उजव्या हाताच्या दोन बोटांवरही आल्यात. पेन्सिल खोचतो त्या कानाची पाळी जाड झाली. दुखत काहीच नाही. कुंदाबाई म्हणाल्या, गजकर्ण असेल. मलम लावलं, उपयोग शून्य. हल्ली त्या भाकरी हातात देत नाहीत, उंबऱ्यावर ठेवतात. मी हजार घरांत सांगत हिंडलो की रोग्याला असं वागवू नका.

१८ सप्टेंबर, धुळे

कातडीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तुकडा कापून तपासला. कुष्ठ नाही. बुरशी आहे. मला सूक्ष्मदर्शकातून दाखवली. गोल गोल मणी, एकाला एक जोडलेले. माळच. असं त्यांनी फक्त पुस्तकात वाचलंय, परदेशातल्या काही माणसांत आणि डॉल्फिनांत. माझा डॉल्फिनशी कुठे संबंध आला, असं हसत विचारलं.

मी तेलाचं सांगितलं.

औषध नाही. कापल्या तरी परत येतात. जिवाला लगेच धोका नाही म्हणाले. कातडीवर जखम, खरचटलेलं असेल तिथून शिरते. सासूबाईंचे गुडघे डोळ्यांसमोर आले. हे मी काय करून बसलो?

१९ सप्टेंबर

धनसिंगला गाठलं. नुसता हात पुढे केला. त्याने मफलर सोडला. कान नव्हतेच. गाठी होत्या, त्या माशाच्या कपाळावर होत्या तशाच. सात वर्षं झाली म्हणाला. स्वतःचंच तेल चोळतो, बरं होईल म्हणून. वर मलाच धीर दिला. घाबरू नका डॉक्टरसाहेब, दुखस नही.

२० सप्टेंबर, धरणगाव

स्टँडवर मेहुणा, मोतीलाल. मी घाईने विचारलं, आईंचे गुडघे कसे आहेत. तो म्हणाला, आई कुठली लावते? एवढं डॉक्टरचं तेल गुडघ्याला कशाला वाया घालवू, म्हणते. जन्मल्या दिवसापासून ती बाळाची टाळू भरते त्याने. बेसन लावून चोळते, मग तेल —

टाळू. कोवळी कातडी. बेसनाने घासलेली —

घरी आलो. तेल उकिरड्यावर ओतलं. सासूबाई रडताहेत, आमनं काय चुकनं विचारताहेत. माझं चुकलं. मी डॉक्टर नाही, मी ओरडून सांगितलं. त्यांना वाटतं मला वेड लागलं.

मंदा म्हणते काही झालेलं नाही. पोर दूध पिते. हसते. डोक्याला हात लावला तरी रडत नाही, दुखतच नाही तिला काही.

दुखत नाही —

टोपडं काढायचं आहे. माझ्या हाताने नको. मंदाला सांगितलं, तू काढ. तिने नाडी सोडली. केस दाट आहेत, काही दिसत नाही. मंदा बोटाने चाचपते आहे. टाळू मऊ असते. मऊच असते. मंदा माझ्याकडे बघते आहे, म्हणते अहो, हे इथे हरभऱ्याएवढं —